सुई पक्ष्याची तिसरी नोंद

बुधवार, ११ जून

गाडीत मी स्वतःच्या हातांनी काय काय केलं ते एकदा लिहून ठेवतो. उद्या कुणी म्हणायला नको की आयती आणली.

चाकं आणि चासी एका जुन्या दूधगाडीची, ती विकत घेतली. बाकी सगळं माझं. सांगाडा दीड इंची चौकोनी नळीचा, वेल्डिंगचे जोड एकशे चार, पैकी एकही पुन्हा करावा लागला नाही. झोपायच्या फळ्या तीन: एक सहा फूट साडेतीन इंच (पोस्टमास्तर, ताडमाड आहे), एक पाच फूट चार (नर्सबाई), तिसरी घडीची, माझी. भिंतीत मिटणारं टेबल. सरकत्या खिडक्या चार, रबरी पट्टी आतून, थेंब आत येत नाही. किटली बाजारची, पण तिची शिट्टी मी लेथवर पितळेची करून बसवली. छताला पत्र्याखाली पाऊण इंच बुचाचा थर. बाहेर कितीही कोसळो, आत कुजबुजलेलं ऐकू यावं असा हिशेब. दुर्बिणीचा तिपाया. आणि वही. कागद आणून शिवली, पुठ्ठा चढवला, तीही मीच.

वहीबद्दल थोडं. मी नववी नापास. वर्कशॉप आहे, इंजिनाचे भाग घासून मापात आणतो, अठ्ठावीस वर्षं झाली. पक्षी मला कुठल्या प्राध्यापकाने शिकवले नाहीत. वाचनालयातलं एक पुस्तक अकरा वेळा मुदत वाढवून घरी ठेवलं, त्यातून शिकलो. तरी आज आमच्या पाणथळीवरच्या पक्ष्यांची अधिकृत नोंद म्हणजे माझी वही. एकोणीस पावसाळे, एकही चुकला नाही. वन्यजीव कार्यालयात डिग्र्यांची रांग बसलेली आहे, आणि शेवटी फायलीला लागते ती माझ्या पानाची नक्कल.

पाणथळ आजवर वाचली ती एका पक्ष्यामुळे. शास्त्रीय नाव वहीत आहे. आम्ही त्याला सुई म्हणतो. (नाव बाईचं, पण गाणारा नर असतो, म्हणून तो सुई.) वीतभरसुद्धा नाही, तपकिरी, लव्हाळ्यात राहतो आणि दिसायला साध्या वटवट्यासारखा तंतोतंत. हातात घेऊन पाहिलं तरी फरक सांगता येणार नाही. फरक आवाजाचा. वटवट्या किरकिर करतो. सुई काचेवरून सुई ओढावी तसा उंच, बारीक सूर लावतो, तीन सेकंद, आणि शेवटी एक टिंब देतो.

कायदा असा की सुई लागोपाठ तीन पावसाळे ऐकू आला नाही, तर पाणथळीचं संरक्षण उठतं. गोदामवाले भराव घालायला टपलेलेच आहेत. हमरस्त्यावर मातीचे डंपर आणून उभे केलेत, जणू मयताच्या आधीच खांदेकरी हजर. वहीत गेली दोन वर्षं "नाही" आहे. यंदाची नक्कल सोमवारी द्यायची.

यंदा तो मिळायलाच हवा.

शुक्रवार, १३ जून

दुपारी तीन वाजून चाळीस मिनिटांनी गाडी बांधावर लावली. पाऊस सकाळपासून, दिशा नैर्ऋत्य, थांबायचं चिन्ह नाही. मागच्या चाकाला दोन विटा लावल्या, पाणसळीचा बुडबुडा मधोमध आला.

पोस्टमास्तर उतरल्या उतरल्या म्हणाला, "तेरा तारखेला निघालोय, उस्ताद. आता कसला पक्षी भेटतोय? बेडूक भेटतील, तेही सर्दी झालेले."

हा माझा पहिलीपासूनचा मित्र. पोस्टातून गेल्या वर्षी निवृत्त झाला. पक्ष्यांतलं त्याला आजही फारसं कळत नाही, पण एकोणीस वर्षांत एकदाही "नाही येत" म्हणाला नाही. वहीत साक्षीची सही त्याची असते. माझ्या गाडीला तो पत्रपेटी म्हणतो. "वरून पाणी, आत आपण. कोणीतरी पत्ता वाचून योग्य ठिकाणी पोचवलं म्हणजे झालं."

नर्सबाई सहा वर्षांपासून येतात. सरकारी दवाखान्यात आहेत, दुसरी साक्ष त्यांची. गेले दोन पावसाळे त्यांना रजा मिळाली नव्हती. त्यांचा कान चांगला आहे, हे मी मोकळेपणाने लिहितो. तयार मीच केला.

आत बसलो. नर्सबाईंनी एकदम ओरडून विचारलं, "चहा टाकू काऽऽ?"

मी म्हटलं, "ओरडता कशाला? इथे काय वॉर्ड आहे?"

त्यांनी पोस्टमास्तरकडे पाहिलं. पोस्टमास्तरने छताकडे पाहिलं. "पाऊस जरा जास्तच वाजतोय रे," तो म्हणाला. तोही ओरडूनच.

"वाजतोय कुठे? बुचाचा थर आहे."

"हो हो," तो म्हणाला. "बुचाचा थर आहे. मी विसरलोच."

किटलीची शिट्टी बिघडली आहे. वाफ सुटते, वाजत नाही. नवल म्हणजे नर्सबाई दर वेळी बरोबर उकळी आली की उठतात. चार वेळा पाहिलं, एकदाही चुकल्या नाहीत. दवाखान्याचा अंदाज. घरी गेल्यावर भोक मापून घ्यायला हवं. पितळेत असं व्हायला नको.

शनिवार, १४ जून, सकाळी

पावणेपाचला उठलो. पाऊस अगदी बारीक झालेला. गमबूट चढवून तिघं पाण्यात, गुडघ्यापर्यंत. लव्हाळं यंदा छातीइतकं आहे. मी पुढे, नर्सबाई दोन हातांवर, पोस्टमास्तर मागे छत्री घेऊन. छत्री काळी. रंगीत मी चालू देत नाही.

पाच बावीसला नर्सबाईंनी माझा दंड धरला, इतका घट्ट की अजून लाल आहे. डोळे मिटलेले, तोंडभर हसू. दुसऱ्या हाताने दिशा दाखवली: मोडक्या खांबाच्या डावीकडे, वीसेक फूट.

मी कान दिला. पाऊस. बेडूक. हमरस्त्याला एक डंपर सुरू झाला, त्याचा एक इंजेक्टर नीट मारत नव्हता.

"काय?" मी म्हटलं.

"ऐकताय ना?"

"काय ऐकायचं?"

त्यांनी डोळे उघडले. "सुई, उस्ताद. दोनदा झाला. थांबा... हा बघा. हा. ऐका."

मी घड्याळ लावून तीन मिनिटं श्वास रोखल्यासारखा उभा राहिलो. काहीही नाही. मग पोस्टमास्तरकडे वळलो. "तुला?"

त्याने छत्री या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. "मला म्हणजे... वाटलं खरं काहीतरी. पण माझं काय घेऊन बसलास? मला अजून घरी पोस्टातल्या तारयंत्राची कडकट्ट ऐकू येते."

वहीत लिहिलं: "५.२२. दोघांना भास. वही ठेवणाऱ्याने ऐकलं नाही. नोंद नाही."

हा नियम माझाच आहे, पहिल्या पानावर लिहिलेला. आवाजाची नोंद वही ठेवणाऱ्याने स्वतःच्या कानांनी ऐकली तरच धरायची. पूर्वी एकदा कॉलेजची पोरं आली होती, त्यांना एका सकाळी एकेचाळीस जातींचे आवाज "आले". तेव्हापासून हा नियम; कार्यालयाने तो जसाच्या तसा उचलला.

नर्सबाईंनी नोंद वाचली आणि वही मिटून परत दिली. "भास," एवढंच म्हणाल्या.

वाईट मलाही वाटलं. माणसाला जे हवं असतं ते ऐकू येतं, हे मी पुष्कळदा पाहिलंय. सुई मला या दोघांहून जास्त हवा आहे. म्हणून काय मी ऐकला असं लिहू?

शनिवार, दुपारी

पुन्हा धो धो. पाव, उकडलेली अंडी आणि डब्यातलं सूप. अंडी मी बरोबर सात मिनिटं उकडतो. पोस्टमास्तर म्हणाला, "याच्याकडे कोंबडीसुद्धा घड्याळ बघून बसत असेल." कुणी हसलं नाही, तो स्वतःही नाही.

मग नर्सबाईंनी मोबाइल काढला. सकाळी मी घड्याळाकडे पाहत असताना त्यांनी म्हणे तो चालू ठेवला होता. टेबलावर माझ्यासमोर ठेवला आणि वाजवला.

मी डोकं खाली नेऊन ऐकलं. पावसाची खरखर. कुणाच्या तरी गमबुटाचं पाण्यात डचमळणं. माझाच आवाज: "काय?" मग खरखर.

त्यांनी पुन्हा मागे नेलं, आवाज पूर्ण वाढवला. "आता. इथे. हे."

खरखर मोठी झाली. बाकी शून्य.

पोस्टमास्तरने चहाचा कप खाली ठेवला, दार उघडलं आणि त्या पावसात छत्रीवाचून बाहेर गेला. लघवीला लागली असेल. या वयात सांगून येत नाही.

मी म्हटलं, "नर्सबाई, यात पाऊस आहे आणि तुमचा श्वास आहे. बघा, तुमचा श्वाससुद्धा मला ऐकू येतो. मग सुई का येऊ नये?"

त्यांनी तोंडावर हात ठेवला. मला वाटलं चूक कळली असेल. मी समजुतीने म्हटलं, "होतं असं. माझंही सुरुवातीला व्हायचं."

पोस्टमास्तर आत आला तेव्हा नखशिखान्त भिजलेला होता. खिडकीच्या रबरी पट्टीचं कौतुक करायला लागला. पट्टी चांगली आहे, पण एवढं बोलण्यासारखं काय त्यात?

रविवार, १५ जून, सकाळी

आज जे झालं ते लिहायला नको वाटतं. पण वही खोटं बोलत नाही, तर ही डायरी तरी का बोलेल?

पहाटे दोन तास उभे राहिलो. नर्सबाईंनी एकदाही दंड धरला नाही. एकदोनदा पोस्टमास्तरकडे पाहिलं फक्त. मी लिहिलं: "४.५५ ते ६.५०. नाही."

परत आल्यावर त्या म्हणाल्या, "उस्ताद, रागावणार नसाल तर एक बोलू?"

"रागवायचं की नाही ते ऐकल्यावर ठरवीन."

"तुमचे कान तपासून घ्या. अठ्ठावीस वर्षं ग्राइंडरपाशी उभे आहात, कानात साधा बोळाही घातला नाही कधी. अशांचे बारीक, उंच आवाज आधी जातात. जाड आवाज सगळे येतात, म्हणून माणसाला कळत नाही. आमच्याकडे रोज येतात. प्रत्येक जण हेच सांगतो, मला ठीक ऐकू येतं, बायकोच हल्ली पुटपुटते."

आमची ही हल्ली पुटपुटते, ते खरं आहे. पण तो तिचा दोष आहे, तिला दात बसवून घ्यायला मी दोन वर्षं सांगतोय.

मी शांतपणे म्हटलं, "नर्सबाई, माझ्याकडे इंजिन आणतात तेव्हा मी बॉनेट उघडत नाही. आधी ऐकतो. तो डंपर ऐका. दुसऱ्या सिलिंडरचा इंजेक्टर. लावता पैज?"

"डंपर सगळ्यांना ऐकू येतो हो," त्या म्हणाल्या.

"शिट्टी," पोस्टमास्तर मध्येच म्हणाला.

"शिट्टीचं काय?"

"किटलीची..." त्याने माझ्याकडे पाहिलं आणि थांबला. "चांगली केलीयस, म्हटलं."

"बिघडलीय ती."

"हो का?" तो म्हणाला.

मग मात्र माझा तोल गेला. मी उठलो. उठताना टेबल मिटलं, कप खाली गेला. मी म्हटलं, "ठीक आहे. धरून चालू की बाईंचं खरं. माझा कान गेला. मग गेली दोन वर्षं मी जे 'नाही' लिहिलं, ते काय? म्हणजे तो इथे घसा फोडून ओरडत होता, आणि मी त्याला वहीतून पुसत होतो. एकोणीस वर्षं राखलेली पाणथळ मी माझ्या हातांनी गोदामवाल्यांच्या घशात घातली. असंच ना? म्हणा तसं. उघड म्हणा. आणि तू रे? दोन्ही वर्षं तू माझ्या शेजारी उभा होतास. तुला ऐकू आला असता तर बोलला नसतास? तूही म्हण."

एकदा गोष्ट शेवटापर्यंत नेऊन दाखवली की तिचा मूर्खपणा आपोआप दिसतो. पोस्टमास्तर तर इतका ओशाळला की फुटलेल्या कपाचे तुकडे गोळा करायला खालीच बसला. एक तुकडा बोटात गेला. नर्सबाईंनी पट्टी बांधली. बांधता बांधता त्याला हळूच काहीतरी विचारलं, दोनदा. त्याने दोन्ही वेळा मान हलवली, नाही म्हणून.

दहा वाजता त्यांनी पिशवी भरली. मोबाइल प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळला. "सही मी करणार नाही. आणि हे मी कार्यालयात पाठवणार."

"पाठवा. शेरा माझाच लागतो."

"म्हणून तर बोलतेय," त्या म्हणाल्या.

हमरस्ता दोन किलोमीटर. मी म्हटलं गाडीने सोडतो, त्यांनी ऐकलं नाही. दारातून वळून काहीतरी म्हणाल्या, पण तोंड पावसाकडे होतं.

"काय म्हणाल्या रे?"

"सांभाळून राहा म्हणाल्या," पोस्टमास्तर म्हणाला.

सहा वर्षांचं माणूस. राग धरायचा नाही असं ठरवलंय. बाई चांगल्या आहेत, फक्त हट्टी.

रविवार, संध्याकाळी

पाऊस चार दहाला थांबला. एकदम थांबला, नळ बंद केल्यासारखा. ऊनही पडलं, फिकट, पाणचट चहासारखं. तीन दिवसांत पहिल्यांदा पाण्यावर आकाश दिसलं. मी म्हटलं, "चल. हीच शेवटची."

दोघंच उभे होतो. मोडक्या खांबाच्या डावीकडे, मुद्दाम. म्हणजे उद्या कुणी म्हणायला नको की नर्सबाईंनी दाखवली ती जागा पाहिली नाही.

चार बत्तीसला माझ्यापासून चार-साडेचार फुटांवर एक लव्हाळं हललं आणि त्यावर एक तपकिरी पक्षी चढून आला. इतक्या जवळ मी आयुष्यात दोनदा पाहिला असेल. पाठ ओली, पिसं चिकटून त्रिकोण झालेले, भुवईची रेघ फिकी. उजव्या पायाने लव्हाळं धरलं होतं, डावा वर उचलून पोटाशी. आमची त्याला भीती नव्हती. मान वर केली आणि चोच उघडली. आतला रंग पिवळसर केशरी. गळ्यावरची पिसं उभी राहून थरथरत होती, शेपटीपर्यंत सगळं अंग थरथरत होतं. तीन सेकंद. मग चोच मिटली. परत उघडली. असं अकरा वेळा, मी मोजलं.

आवाज नाही.

पावसात भिजलेलं पाखरू जांभया देतं, पिसं झटकतं. पुस्तकात आहे. सुई असता तर तीन सेकंद चोच उघडून गप्प बसलाच नसता. म्हणजे साधा वटवट्या. तरी देखणा होता, लिहिलं पाहिजे. मला वाटून गेलं, हाच सुई असता तर!

बाजूला पाहिलं तर पोस्टमास्तरने टोपी काढून छातीशी धरली होती. तोंड अर्धवट उघडं, गालांवरून पाणी. पाऊस थांबून वीस मिनिटं झाली होती. लव्हाळ्यावरचं उडालं असेल.

"उस्ताद," तो म्हणाला. "अरे, तो... तो बघ ना, तो..."

"तो काय?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. इतका वेळ पाहिलं की मीच नजर काढली.

"काही नाही," तो म्हणाला. "सुंदर आहे."

पक्षी चार छत्तीसला खाली उतरला. सहापर्यंत थांबलो. गाडीकडे परत येताना मनात पाल चुकचुकली, हे खरं लिहितो. नर्सबाई उगाच बोलणाऱ्यांतल्या नाहीत. आणि ती किटली. मी बांधावर थांबलो आणि पोस्टमास्तरला सरळ विचारलं.

"पहिलीपासून ओळखतोस मला. खोटं बोलू नकोस. आत्ता, तिथे, तुला काही ऐकू आलं?"

तो पाण्याकडे बघत राहिला. मग त्याने विचारलं, "तू ऐकलंस?"

"नाही."

"मग नाही," तो म्हणाला.

जिवात जीव आला. म्हणजे, आला आणि गेला. कारण त्याचा अर्थ सुई संपला. तिसरं वर्ष.

वहीत लिहिलं: "४.३२ ते ४.३६. साधा वटवट्या, एक, नर असावा. चोच अकरा वेळा उघडली. मुका. सुई: नाही." खाली रेघ मारली. पोस्टमास्तरने साक्षीची सही केली. बोटाला पट्टी असल्याने सही वेडीवाकडी आली. मी म्हटलं, ही ओळखणार कोण? तो म्हणाला, "मीसुद्धा नाही."

त्याच्या घरापाशी उतरला आणि टोपी गाडीतच विसरला. मी हाक मारली. तो वळला नाही, नुसता हात वर केला. पुढच्या वर्षी कुठे जायचं ते विचारायचं राहून गेलं. पुढच्या वर्षी इथे डांबर असेल.

सोमवार, १६ जून

सकाळी नर्सबाईंचा फोन हिने घेतला. दोघी पाऊण तास बोलत होत्या. नंतर ही माझ्यासमोर येऊन बसली, मुद्दाम अगदी तोंडासमोर, आणि एकेक शब्द तोडून म्हणाली, "आज. जाऊ. नका."

मी म्हटलं, "बघ, मनात आणलं तर बोलता येतं की तुला स्पष्ट."

ती उठून आत गेली.

कार्यालयात साडेदहाला. नव्या अधिकारी बाई आमच्या लेकीच्या वयाच्या आहेत. मला काका म्हणतात. वही दोन्ही हातांनी घेतात, हे मला आवडतं. नर्सबाईंची ध्वनिफीत आधीच पोचली होती. बाईंनी ती माझ्यासमोर लावली. लावल्याबरोबर त्यांचा चेहरा उजळला, पाच-सहा सेकंद. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि बंद केली.

"काका, मला वाटतं आहे यात."

"तुम्ही त्याला पाणथळीवर कधी ऐकलाय?"

"नाही. इथे बदली होऊन चारच महिने झाले."

"मग?"

त्या जरा घुटमळल्या. "शेरा तुमचा लागतो. पण हवं तर मी एक आठवडा वाढवून देऊ शकते. तुम्ही पुन्हा एकदा जाऊन या. कुणाला तरी घेऊन. मीही येते."

इतक्या अजिजीने म्हणाल्या की क्षणभर हो म्हणावंसं वाटलं. पण आठवड्याने काय होणार होतं? तीन दिवस मी तिथे उभा होतो. ज्या गावात बाप मेला त्या गावाला पुन्हा जाऊन का तो जिवंत सापडतो? आणि माझ्या वहीने एकोणीस वर्षांत एकदाही मुदत मागितलेली नाही.

ध्वनिफितीवर शेरा लिहिला: "अमान्य. पावसाचा आवाज." नकलेवर सही केली. अक्षर नेहमीसारखं आलं. बाईंनी शिक्का हातात धरला आणि खूप वेळ तसाच धरून ठेवला. मीच म्हटलं, "मारा."

त्यांनी मारला. अकरा वाजून दहा मिनिटं. शिक्क्याची एक प्रत मला दिली, ती घडी करून खिशात ठेवली. जिन्यात दोन मिनिटं कठड्याला धरून उभा राहिलो. रडलो म्हणता येणार नाही. सख्ख्या भावाच्या मृत्यूच्या दाखल्यावर सही करावी तसं झालं होतं. ती दुसऱ्या कुणी केली असती तर मला चाललं नसतं.

फाटकाशी गोदामवाल्यांचा माणूस उभा होता, इस्त्रीचा शर्ट, हातात गाडीची किल्ली. मी आत जाताना त्याला दिसलो नसेन. मी आत्ता कुठे आत चाललोय असं समजून त्याने मला थांबवलं. मालकांना फार काळजी आहे म्हणाला. कुणी नर्स काही पाठवते आहे असं कानावर आलंय. तुमच्या वहीचा शब्द शेवटचा. वहीत "नाही" लिहून द्यायचं, बस. अर्धे आज, अर्धे शिक्का बसल्यावर.

मी म्हटलं, माझी नोंद विकत मिळत नाही. एकोणीस वर्षांत मिळाली नाही, आजही मिळणार नाही. खिशातला कागद त्याला दाखवला नाही. त्याच्या मालकाच्या बापालाही दाखवला नसता.

त्याने रक्कम सांगितली. मी चालत राहिलो. तो मागून आला आणि आणखी मोठ्याने सांगितली, बहुधा मला पहिल्यांदा ऐकू आली नाही असं त्याला वाटलं.

ऐकू आली होती. चौदा लाख.